आधी जन्मतारीख बघा

नमस्कार श्रोतेहो. आज टायरविषयी बोलायचं आहे, आणि तेही स्पोर्ट्स कारच्या टायरविषयी. सोलापुरात स्पोर्ट्स कार आहेत तरी किती, असं कुणी म्हणेल. त्यांनी आपल्या सात रस्ता चौकात संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहून बघावं. पुण्या-मुंबईत चार-पाच वर्षं चाललेल्या बसक्या, जोरकस इंजिनाच्या गाड्या आपली पोरं सेकंड-हँड आणतात. गाडी परवडते, पण टायर बदलायची वेळ आली की हात आखडतो. तिथेच घोटाळा होतो.

मी एसटीच्या टायर विभागात 31 वर्षं काढली. आयुष्यभर हाताला रबराचा वास होता. त्या जोरावर सांगतो, स्वस्तात चांगला टायर मिळतो. फक्त आधी जन्मतारीख बघा, म्हणजे टायर कधी बनला ते. हे वाक्य मी आज पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

गोष्ट 2019 च्या जून महिन्यातली आहे. माझ्या भाच्याने लाल रंगाची, दोन दारांची गाडी घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, आकाशवाणीवर सांगायचंही नसतं. गाडी देखणी, पण टायर गुळगुळीत. कंपनीचा आकार 195/55 आर 16. नव्या चार टायरांचा भाव ऐकून तो आठ दिवस गप्प होता. मग एक दिवस हॉर्न वाजवत दारात आला. "मामा, बाहेर या की ओ. लय भारी टायर बसवलेत."

बघितलं तर टायर खरंच रुबाबदार होते. परदेशी बनावटीचे, 215/50 आर 16. म्हणजे उंची जवळजवळ तेवढीच, रुंदी 20 मिलिमीटर जास्त. नक्षी जाड, नव्यासारखी. चारही मिळून 14 हजार. ओळखीच्या ओळखीने, मोठ्या शहरातल्या कुणाकडून तरी आणलेले. मी वाकून नक्षीत काडी घालून बघितली, खोली भरपूर होती. जन्मतारीख शोधली, ती बाहेरच्या बाजूला नव्हती. काही टायरांवर ती एकाच बाजूला असते आणि बसवताना ती बाजू आत गेली होती. गाडी जॅकवर घेऊन आतून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी बघितलं नाही. पोरगं खूश होतं, मी पाठीवर थाप मारली आणि आत गेलो. श्रोतेहो, ती पाच मिनिटं मला अजून टोचतात.

पुढच्याच आठवड्यात अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, आम्हा दोघांना तुळजापूरला पाठवलं. नवी गाडी, देवीची ओटी भरायची. खण, नारळ, हळद-कुंकू असं सगळं पिशवीत बांधून दिलं. सोलापूर ते तुळजापूर 45 किलोमीटर, तासाभराचं काम. जाताना आभाळ नुसतं भरून आलेलं होतं. दर्शन झालं, परत निघालो आणि घाटाच्या तोंडाशी पाऊस आला. वर्षातला पहिला पाऊस.

पहिल्या पावसाची गोष्ट निराळी असते. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे पारा 43-44 च्या घरात. दोन महिने रस्त्यावर धूळ साचते, गाड्यांचं ऑइल गळतं, रबराची भुकटी पडते. पहिल्या सरीत त्या सगळ्याचा चिखल होऊन डांबरावर साय धरते. धो-धो पाऊस झाला की ती वाहून जाते, पण पहिली पंधरा-वीस मिनिटं रस्ता साबण लावल्यासारखा असतो. एसटीचे आमचे जुने ड्रायव्हर अशा वेळी एक गिअर खाली टाकून चालायचे. माझं ठाम मत आहे, एसटीच्या ड्रायव्हरइतका रस्ता वाचणारा माणूस महाराष्ट्रात दुसरा नाही. त्याच्या हाताखाली नव्या पोरांनी महिनाभर जरी बसून बघितलं तरी अर्धे अपघात कमी होतील.

तर आम्ही घाट उतरत होतो. वेग 50 च्या आसपास, फार नाही. मोठं वळण होतं, समोर एक टेम्पो रेंगाळलेला. भाच्यानं ब्रेकवर पाय ठेवला, जोरात दाबलासुद्धा नाही. आणि गाडीचं मागचं अंग बाजूला निघालं. आवाज नाही, धक्का नाही, पाठीमागून कुणीतरी अलगद ओढल्यासारखं. टेम्पो होता तिथे डोंगर आला, डोंगर होता तिथे आम्ही आलो तो रस्ता. अर्धी गिरकी घेऊन, तोंड तुळजापूरकडे करून गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मांडीवरची पिशवी सुटली, प्रसादाचा नारळ घरंगळत भाच्याच्या पायाशी गेला, ब्रेक आणि क्लचच्या मधोमध. गाडी अजून हलत असती आणि तो नारळ पेडलखाली गेला असता तर काय, हे माझ्या मनात त्या रात्री झोपताना आलं. तिथे तर दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. वायपर तेवढा चालू होता.

मागून एसटी येत होती. ड्रायव्हरनं ती केव्हाच हळू केली होती, लाइट लावून आमच्या मागे आडवी उभी केली, म्हणजे वरून येणारं कुणी आमच्यावर आदळू नये. खाली उतरला, आधी आम्हाला विचारलं, लागलं का कुठं. मग चाकाजवळ बसला, ओल्या टायरवर हात फिरवला, अंगठ्याचं नख रुतवून बघितलं. रुतलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, हा टायर नाही. हा पाटा आहे."

दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर घेतली. आतल्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे होते, 3611. म्हणजे 2011 सालचा 36 वा आठवडा. आठ वर्षांचा टायर. नक्षीच्या खाचांत नखाएवढ्या भेगा होत्या, केसासारख्या बारीक, टॉर्च लावल्याशिवाय दिसत नव्हत्या. नक्षी शाबूत होती, रबर मेलं होतं.

म्हणून म्हणतो, आधी जन्मतारीख बघा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर पडून असला तरी म्हातारा होतो. हवेनं आणि उन्हानं रबरातला मऊपणा जातो, ते लाकडासारखं होतं. मऊ रबर डांबराच्या बारीक खडबडीत बसतं आणि धरून ठेवतं, कडक रबर वरून सरकतं. चाक रस्त्याला टेकतं ती जागा किती असते? आपल्या तळहाताएवढी. चार तळहात, त्यावर अख्खी गाडी. मी तरी वर्षापेक्षा जुना टायर नवा म्हणून घेणार नाही.

सोलापूरकराला हे समजावून सांगायला लागू नये. आपण चादर घेतो तेव्हा रंगावर जातो का? घडी उलगडतो, वीण बघतो, हातात वजन घेतो. बाहेर कुठेतरी विणलेला पातळ माल सोलापुरी म्हणून खपवतात, ते बघून माझ्या जिवाला त्रास होतो. इथल्या विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या मागावर घालवून कमावलेलं नाव आहे ते, त्याला भौगोलिक मानांकन आहे. खरी चादर ओळखणारा माणूस टायर मात्र नुसती जाडी बघून घेतो, याचं मला वाईट वाटतं.

आता दुसरी गोष्ट, आकार. गाडीच्या दाराच्या कडेला किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावर लिहिलेला आकार घ्या. 195 ही रुंदी मिलिमीटरमध्ये. 55 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या 55 टक्के. 16 हा रिमचा व्यास इंचात. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर छान धरतो, पण साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. आणि भिंत बुटकी केली की खड्ड्यात रिम वाकते, टायरला फुगा येतो. आपले रस्ते मी सांगायला नको.

आकाराच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं. 87 व्ही, असं. 87 म्हणजे एका टायरनं 545 किलो पेलायचं. व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंत टिकेल, एच म्हणजे 210. पोरं म्हणतात, इथे 240 नं कोण चालवतं? बरोबर आहे, कुणी चालवूही नये. पण ते अक्षर उष्णता सोसण्याची ताकदसुद्धा सांगतं आणि मे महिन्यात दुपारी हैदराबाद रस्त्याला लागलात की ती ताकद लागते. कंपनीनं दिलेल्या अक्षराच्या खाली उतरू नका. पैसे इथे वाचवायचे नाहीत.

मग वाचवायचे कुठे? बऱ्याच टायरवर ट्रेडवेअर असा शब्द आणि पुढे आकडा कोरलेला असतो. आकडा 200 किंवा खाली असेल तर रबर फार मऊ, पकड जबरदस्त, पण लवकर झिजतं आणि महाग पडतं. 500 च्या वर असेल तर टिकाऊ, पण सहसा पकड बेताची. जोरकस गाडी आणि मध्यम खिसा असेल तर 300 च्या आसपासचा बघा. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा. त्याच्याजवळ ट्रॅक्शनचं अक्षर असतं, ते ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकचं. एए सगळ्यात वरचं, मग ए. बी आणि सी वेगवान गाडीला नको. परदेशी नावासाठी जादा पैसे मोजू नका, भारतात बनलेले चांगले टायर आहेत, आणि ते ताजे मिळतात. 2025 च्या सप्टेंबरात टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्कं बिल मागा.

नायट्रोजनला पैसे घालवू नका. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा दर पंधरवड्याला सकाळी, गाडी थंड असताना, हवा तपासा. रोज गाडी धुणारी, पुसणारी माणसं मी बघतो. हवा तपासणारी फार थोडी.

आणि चारही टायर एकदम घेणं जमत नसेल, दोनच घ्यायचे असतील, तर नवे मागे बसवा. नवे मागे. एसटीत आम्ही पुढच्या चाकांना नवे घालायचो, कारण बसचा पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. ती सवय धरून मी कारवाल्यांनाही वर्षानुवर्षं तसंच सांगत आलो. ते चूक होतं. कारचं मागचं अंग सुटलं की काय होतं ते मी घाटात बघितलं. पुढची चाकं घसरली तर निदान ड्रायव्हरला स्टिअरिंगमध्ये कळतं, मागची कळेपर्यंत गाडी फिरलेली असते.

भाच्यानं त्या जुलैत कंपनीच्या आकाराचे, भारतात बनलेले, तीन महिने वयाचे टायर घेतले. 87 व्ही, ट्रेडवेअर 320. चारांचे 24 हजार झाले. सायलेन्सर बदलण्यासाठी साठवलेले पैसे त्यात गेले. जुने चार त्यानं कुणाला विकू नयेत म्हणून मी स्वतः करवतीनं कापले. श्रावणात आम्ही पुन्हा तुळजापूरला गेलो, त्याच घाटातून, पाऊस असताना. त्या वळणावर तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. गाडी रुळावरून गेल्यासारखी उतरली.

ते टायर पाच वर्षं चालले. 2024 च्या पावसाळ्याआधी नवे घेतले तेव्हा त्यानं दुकानातूनच फोन केला. मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाला, "मामा, 1424."

नमस्कार.