चार फोटोंचा धबधबा

(दृश्य: जेवणाचं टेबल, त्यावर वर्तमानपत्र. फूटपट्टी, कटर, शाई संपलेलं बॉलपेन.)

आईची पंच्याहत्तरी तीन आठवड्यांवर आली होती. साडी, औक्षण, जेवण, सगळं भावंडांनी वाटून घेतलं. माझ्या वाट्याला शुभेच्छापत्र आलं. ते विकतचं आणायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं. कागद कापायचा, चिकटवायचा, हे शेवटचं केलं होतं शाळेत, कार्यानुभवाच्या तासाला.

करायचं होतं वॉटरफॉल कार्ड. वरून बघाल तर चार चौकोनी फोटो, घरावरच्या कौलांसारखे एकावर एक. पहिला पूर्ण दिसतो, बाकीच्यांची नुसती खालची कड. खाली एका पट्टीचं टोक डोकावतं. ते ओढलं की वरचा फोटो उलटून वर जातो आणि दुसरा समोर येतो. पुन्हा ओढलं की तिसरा, मग चौथा.

(दृश्य: पट्टी हळूहळू ओढणारं बोट.)

पट्टी ओढून चित्र हलवायची युक्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात म्युनिकचे चित्रकार लोथार मेगेनडॉर्फर मुलांच्या पुस्तकांत एकाच पट्टीवर माणसाचे हात, डोळे, मान असं बरंच काही एकदम हलवायचे. कागदाच्या सांध्यांत ते तांब्याच्या तारेची इवलीशी वेटोळी बसवत. आपल्या कार्डाला तार लागत नाही. एक उभी पट्टी, एक आडवी पट्टी आणि चार घड्या, बस्स.

मापं सांगते. ए-फोर आकाराचं कार्डशीट मधोमध दुमडलं की झालं कार्ड, २१ सेंटिमीटर उंच. उभी पट्टी ६ सेंटिमीटर रुंद, २३ लांब. तिच्या एका टोकापासून ६, साडेसात, ९ आणि साडेदहा सेंटिमीटरवर खुणा करायच्या. खुणेवर फूटपट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढायची, म्हणजे घडी सरळ पडते. चारही घड्या एकाच दिशेने, मागे.

(दृश्य: घडीवर तडकलेला कागद, अगदी जवळून.)

पहिली पट्टी इथेच तडकली. जाड कागद म्हणजे भक्कम कार्ड, असं वाटून मी तीनशे जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) घेतला होता. घडीवरचा रंग फुटला, आतलं पांढरं दिसू लागलं. दुसरी पट्टी दोनशे जीएसएमची, तरीही घड्या खरबरीत. मग कळलं की यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने झोपलेले असतात. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर कागद मुकाट वळतो, आडवी घातली तर तुटतो. शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. जिकडे कमी जोर लागतो, तिकडे घडी. ए-फोरमध्ये तंतू बहुधा लांबीकडे धावतात आणि आपल्या घड्या पडतात रुंदीत. तेवीस सेंटिमीटरची पट्टी ए-फोरच्या २१ सेंटिमीटर रुंदीत आडवी बसत नाही, म्हणून ती मोठ्या शीटमधून आडवी काढलेली बरी.

मी शेवटी हातकागदाचा ताव वापरला. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवायचा, चाळणीवर उचलायचा आणि वाळवायचा, अशी हातकागदाची रीत. त्यात तंतू लांब असतात आणि सगळ्या दिशांना गुंतलेले. घडी कुठूनही घाला, कागद तक्रार करत नाही. बोटाला किंचित खरखरीत लागतो, तोही मला आवडला.

आता चिकटवणं. नवखा माणूस फसतो तो इथेच.

(दृश्य: चार फोटो ओळीने. मूळ फोटो अल्बममध्येच, हे कलर प्रिंट.)

सुरुवात शेवटच्या फोटोपासून. चारही फोटो सहा बाय सहाचे. चौथा फोटो पट्टीच्या टोकाच्या सहा सेंटिमीटरवर पूर्ण चिकटवायचा. तिसऱ्याची वरची कड साडेसातच्या घडीवर, दुसऱ्याची नऊच्या, पहिल्याची साडेदहाच्या. या तिघांना मागून फक्त वरच्या दीड सेंटिमीटरवर चिकटपट्टी. बाकीचा फोटो मोकळा लोंबू द्यायचा.

मी पांढरा गोंद घेऊन सगळीकडे फासला होता. निघू नयेत म्हणून! टोक ओढलं तर चारही फोटो फळीसारखे एकदम उभे राहिले. वर गोंदातल्या पाण्याने कागद फुगला, तो वेगळाच. सगळं टाकून पुन्हा पट्टी कापली. या वेळी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली आणि चिकटवण्याआधी पेन्सिलने आखून घेतलं, कुठे चिकटवायचं नाही ते. कार्ड चालतं ते त्या मोकळ्या जागांवर.

आडव्या पट्टीचंही तसंच. ती १२ सेंटिमीटर लांब, २ रुंद. उभ्या पट्टीची साडेदहाची घडी तिच्या वरच्या कडेवर अडकवायची. फोटो पुढे, लांब शेपूट मागून खाली. मग आडवी पट्टी कार्डाच्या वरच्या कडेपासून आठ सेंटिमीटरवर ठेवून फक्त दोन टोकांना चिकटवायची. मधे टेपचा कण जरी लागला तरी शेपूट अडकतं. आणि फार ताणून बसवू नका, शेपटाला सरकायला जागा हवी.

(दृश्य: उलटलेल्या फोटोची पाठ, त्यावर हाताने लिहिलेल्या दोन ओळी.)

फोटो उलटला की त्याची पाठ वर दिसते, हे मला कार्ड हलवून बघितल्यावर उमगलं. ती कोरी कशाला सोडायची? तिथे मी गाव आणि साल लिहिलं. फोटोतल्या पायांकडची कड ही लिहिण्याची वरची बाजू, म्हणजे उलटल्यावर अक्षरं सरळ येतात. खालचा दीड सेंटिमीटर आडव्या पट्टीमागे जातो, तेवढा सोडून लिहायचं.

(दृश्य: वाढदिवसाची सकाळ. आई, चष्मा, हातात कार्ड.)

आईने टोक ओढलं. शाळेतली दोन वेण्यांची मुलगी वर गेली, खाली लग्नातली आई आली. पुन्हा ओढलं. तिसरा फोटो आंबोलीच्या धबधब्यापुढचा, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, बाबा हसताहेत. चौथ्यात नात मांडीवर. उलटलेल्या पाठीवरची ओळ तिने दोनदा वाचली.

"आंबोली, १९७८? नाही गं, एकोणऐंशी. तू पोटात होतीस तेव्हा."

तिने पेन मागितलं, कार्ड टेबलावर ठेवलं आणि आठाच्या जागी नऊ केला.