पाण्याखालच्या फोटोंसाठी तुमचा पहिला कॅमेरा

[दृश्य : लाल हातमोजा घातलेला डायव्हर हळूहळू खाली उतरतो आहे.]

पृष्ठभागाजवळ लालभडक दिसणारा हा हातमोजा पाच मीटरवर तपकिरी झाला. दहा मीटरच्या खाली तो जवळपास काळपटच दिसतो. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं, मग नारिंगी, मग पिवळा. उरतो निळा-हिरवा. यात नुसती खोली धरून भागत नाही. कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये आडवं पसरलेलं पाणीही तितकंच रंग खातं. म्हणून पाण्याखाली फोटो काढायचा तो जवळून, शक्यतो एक मीटरच्या आतून.

कॅमेरा निवडतानाचे प्रश्न इथूनच सुरू होतात. तो किती जवळ फोकस करतो? जवळ जाऊनही किती रुंद बघतो? आणि त्याच्यासोबत उजेड नेता येतो का? मेगापिक्सेलचा आकडा या यादीत बराच खाली येतो. सुरुवातीला बारा मेगापिक्सेल पुरतात.

[दृश्य : कॅमेऱ्यावर छापलेला खोलीचा आकडा.]

आधी खोली ठरवा. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, ३० मीटरवर चौपट. त्यामुळे नुसतं ‘वॉटरप्रूफ’ वाचून थांबू नका, मीटर वाचा. ओएम सिस्टीमचा टीजी-७ हा छोटा कॅमेरा हाउसिंगशिवाय, म्हणजे वरून बसवायच्या जलरोधक पेटीशिवाय, १५ मीटरपर्यंत चालतो, गोप्रोचे हीरो ब्लॅक कॅमेरे १० मीटरपर्यंत. स्नॉर्केलिंगला, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावर पोहायला, एवढं भरपूर झालं. पण डायव्हिंगच्या पहिल्या सर्टिफिकेटची मर्यादाच साधारण १८ मीटर असते. म्हणजे डायव्हिंग करणाऱ्याने हाउसिंगचा खर्च पहिल्यापासून धरायचा.

हाउसिंग त्याच मॉडेलसाठी बनवलेलं असतं. बटण जरा इकडेतिकडे असलं, तरी हाउसिंगची दांडी त्यावर टेकत नाही. म्हणून आधी हाउसिंग मिळतंय का ते बघा, मग कॅमेरा घ्या. लेन्स बदलता येणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्याचं हाउसिंग बहुतेक वेळा कॅमेऱ्यापेक्षाही महाग पडतं, शिवाय लेन्स बदलली की पुढचा पोर्टही, म्हणजे हाउसिंगची लेन्ससमोरची काच, बदलावा लागतो. पहिला कॅमेरा म्हणून आम्ही तो सुचवणार नाही. गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा व्हिडिओला उत्तम, पण त्याला फ्लॅश नसतो आणि बोटभर लांबीच्या समुद्री गोगलगाईपाशी गेलं की चित्र धूसर होतं. टीजी-७ मात्र मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटीमीटरवरही फोकस करतो. छोट्या जीवांची आवड असेल, तर आमची पसंती अशा छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यालाच. ४५ मीटरपर्यंत चालणारं हाउसिंगही त्याला मिळतं.

रुंदीचं गणित वेगळं. सपाट पोर्टमागे प्रकाश वाकतो, वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते आणि लेन्सचा कोन तेवढाच आवळला जातो. २५ मिलिमीटरची लेन्स पाण्यात ३३ मिलिमीटरसारखी वागते. मोठं प्रवाळ चौकटीत बसवायला मग मागे सरकावं लागतं, आणि मधलं पाणी वाढतं. यावर उपाय म्हणजे हाउसिंगच्या बाहेरून लावायची वेट लेन्स. ती पाण्यात उतरल्यावर एकदा काढून पुन्हा बसवा, म्हणजे मध्ये अडकलेला बुडबुडा निघून जातो.

[दृश्य : फोटोभर पसरलेले पांढरे ठिपके.]

हे ठिपके लेन्सवरच्या धुळीचे नाहीत. कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, त्यामुळे समोर तरंगणारा प्रत्येक कण उजळून थेट लेन्सकडे चमकतो. स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली वापरायचा वेगळा फ्लॅश, दांडीवर बाजूला घेऊन थोडा बाहेर वळवला की हे कण बरेच कमी दिसतात. तो फायबर ऑप्टिक केबलवरून चालवायचा, तर कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅश हवा; खरेदीच्या वेळी हे हमखास विसरलं जातं. हाउसिंगनंतरचा पैसा मोठ्या सेन्सरवर घालण्याऐवजी एका स्ट्रोबवर घाला. तोवर पांढऱ्या पाटीवर कॅमेरा धरून व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) मोजा, खोली तीन-चार मीटरने बदलली की परत मोजा, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, ठेवा. जेपेगमध्ये गेलेला लाल रंग नंतर ओढून आणणं फार अवघड असतं.

[दृश्य : ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंग घट्ट बंद करणाऱ्या रबरी कडीवर, आडवा पडलेला एक केस, अगदी जवळून.]

पाणी आत शिरायला एवढं पुरतं. ओ-रिंग बोटांनी बाजूला दाबून उचला, टोकदार वस्तू लावू नका. तिच्यावरून आणि खाचेतून बोट फिरवा. वाळूचा कण डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतो. कंपनीने सांगितलेलं ग्रीस रिंग चमकेल इतकंच लावा. जास्त लावलं तर केस आणि वाळू त्यालाच चिकटतात. नवं हाउसिंग आधी रिकामंच, आत टिश्यू पेपर ठेवून, पाण्यात बुडवून बघा. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत ठेवा. सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी असू द्या, नाहीतर गार पाण्यात पोर्टवर आतून वाफ धरते.

वर आल्यावर हाउसिंग बंदच ठेवून अर्धा तास गोड्या पाण्यात भिजवा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबत राहा. मीठ वाळलं की बटणं अडकतात. मग पूर्ण पुसून, झाकणाची बाजू खाली धरून उघडा. खाचेत राहिलेले थेंब कॅमेऱ्यावर न पडता खाली गळून जातात.