मध्ये घुसणाऱ्याला नेमकं काय म्हणायचं?

"एकच मिनिट हं, मला फक्त विचारायचंय."

हे वाक्य कानावर आलं की समजायचं, आपला नंबर एकाने मागे गेला. विचारायला आलेला माणूस विचारतो, "पनवेल रिटर्न किती?" आणि उत्तर यायच्या आत त्याची नोट खिडकीत सरकलेली असते. आपण मागे उभे. चडफडतो, शेजारच्याकडे बघून मान हलवतो, "काय लोक आहेत" एवढं पुटपुटतो. तोवर तो तिकीट घेऊन जिना चढलेला असतो.

नमस्कार मंडळी. आजचा विषय रांगेत घुसणारे. पण त्यांना शिव्या घालायचा हा व्हिडिओ नाही, ते काम आपण सगळे मनातल्या मनात उत्तम करतो. मला बोलायचंय ते गप्प उभं राहणाऱ्यांबद्दल, कारण घुसणाऱ्याचं सगळं फावतं ते त्यांच्याच जिवावर. आणि यावर एक फार मजेशीर प्रयोग झालेला आहे.

स्टॅन्ली मिलग्रॅम हे नाव मानसशास्त्र शिकलेल्यांना माहीत असेल. विजेच्या धक्क्यांच्या प्रयोगामुळे गाजलेला तोच. त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा रांगांवरचा एक शोधनिबंध १९८६ साली, म्हणजे तो गेल्यावर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्क शहरातल्या १२९ रांगा. रेल्वेच्या तिकीट खिडक्या, घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायचे अड्डे, अशा ठिकाणच्या. प्रयोग करणाऱ्यांपैकी एक जण जायचा, तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये शिरायचा, "माफ करा, मला इथे यायचंय" असं म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता तोंड पुढे करून उभा राहायचा. कुणी हटकलं तर निघून जायचं, नाहीतर मिनिटभराने आपणच बाहेर पडायचं.

(पडद्यावर आकडे: ५४, ९१, २५, ५)

एक जण घुसला, तर साधारण ५४ टक्के रांगांमध्ये कुणीतरी काहीतरी केलं. बोललं, खुणावलं, खांद्याला हात लावला. दोघं एकदम घुसले, तर ९१ टक्के. इथवर ठीक आहे. खरी गंमत पुढे. त्यांनी आपलीच माणसं आधीपासून रांगेत उभी करून ठेवली, बरोबर घुसायच्या जागेच्या मागे. त्यांना सूचना एकच: काही बोलायचं नाही. घुसणारा एकच, पण असा एक मौनीबाबा मध्ये असला की हटकणाऱ्या रांगा २५ टक्क्यांवर आल्या. दोन असले, की ५.

दोन गप्प माणसांनी अख्ख्या रांगेचं तोंड बंद केलं. का? कारण मागचा विचार करतो, ज्याच्या नाकासमोर घुसला त्यालाच काही वाटत नाही, मग मी कशाला वाईटपणा घेऊ? कदाचित ओळखीचा असेल. कदाचित "मी येतो हं" सांगून गेला असेल.

म्हणजे माणूस तुमच्या पुढ्यात घुसला, तर बोलायची पाळी तुमची. मागचे पंधरा जण तुमच्याकडे बघत असतात. पुढच्यांकडून अपेक्षा ठेवू नका, त्यांचं काही जात नाही. प्रयोगातही पुढचे फार कमी बोलले.

आता बोलायचं काय? "अक्कल आहे का?", "आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?" ही दोन वाक्यं आपल्या जिभेवर तयार असतात. दोन्ही चुकीची आहेत असं नाही, पण ती ऐकल्यावर समोरचा रांग विसरतो आणि स्वतःची इज्जत वाचवायला लागतो. मग "तू कोण मला शिकवणारा" सुरू होतं, आणि भांडण मिटेपर्यंत त्याचं तिकीट निघालेलं असतं.

त्यापेक्षा असं म्हणा: "काका, रांग तिकडून आहे हं, त्या खांबापासून." बस. यात तो चोर ठरत नाही, त्याला दिसलं नसेल एवढीच सवलत मिळते. त्याला ती सवलत मिळण्याची लायकी आहे का, हा वेगळा प्रश्न. आपल्याला तो मागे जायला हवाय, त्याचं चारित्र्य सुधारायला नकोय. आवाज असा ठेवा की मागच्या तिघा-चौघांना ऐकू जाईल. आणि हात खांबाकडे करा, त्याच्या तोंडाकडे नाही. "दादा", "ताई", "मावशी" लावायला विसरू नका. आपल्याकडे "ओ, ऐका" नुसतं म्हटलं की अर्धी माणसं आधीच तापतात.

तो ढिम्म राहिला तर लगेच मागे वळा आणि मागच्याला विचारा, "तुम्ही कधीपासून उभे आहात?" तो सांगेलच, वीस मिनिटं झाली म्हणून. आता आवाज दोन झाले. मौनीबाबांचं गणित उलटं फिरलं.

तरीही नाही हलला, तर त्याला सोडा आणि खिडकीशी बोला. हा भाग महत्त्वाचा आहे, आणि आपण तो नेहमी विसरतो. तिकीट खिडकीचं ते अर्धगोल भोक आठवा. आत बसलेल्या माणसाला त्यातून काय दिसतं? हात. उजवीकडून एक नोट, डावीकडून एक नोट, मधून सुट्टे पैसे धरलेली मूठ. रांग कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्याला खुर्चीतून दिसतच नाही. जो हात सगळ्यात आत येईल आणि ज्याच्याकडे सुट्टे असतील, त्याचं तिकीट आधी फाटतं. म्हणून म्हणायचं, "साहेब, रांगेतल्यांचं आधी घ्या, हे बाजूने आलेत." खिडकीने नोट परत ढकलली की घुसणं तिथेच संपतं. आपण कितीही ओरडलो आणि खिडकीने घेतली, तर आपलं ओरडणं वाया.

आणि एक, पुढच्याच्या आणि आपल्या मध्ये फोन बघत बघत दीड माणसाची जागा सोडायची नाही. ती जागा म्हणजे आमंत्रण.

बरं, सगळेच लबाड नसतात. खरंच कुणाची गाडी पाच मिनिटांत सुटणार असते. इथे दुसरा एक प्रयोग सांगतो. मानसशास्त्रज्ञ एलन लँगर, १९७८, न्यूयॉर्कमधलं विद्यापीठ, झेरॉक्स मशीनपाशी. "पाच पानं आहेत, मी आधी काढू का?" एवढंच विचारलं तर ६० टक्के लोकांनी जाऊ दिलं. "मला घाई आहे म्हणून" जोडलं, तर ९४. आणि "मला कॉप्या काढायच्या आहेत म्हणून" असं बिनबुडाचं कारण दिलं, तरी ९३! अहो, मशीनपाशी दुसरं कोण काय करायला येणार? पण पानं वीस झाली की त्या फुसक्या कारणाला कुणी भीक घातली नाही. खऱ्या घाईला ४२ टक्के, बाकी दोन्हींना २४.

म्हणजे मागणी छोटी असली की "म्हणून" ऐकताच आपण मान डोलावतो. तेव्हा ऐकताना मागणी किती मोठी आहे ते बघा. लोकलचं एक तिकीट वेगळं. रिझर्वेशनच्या रांगेत हातात तीन फॉर्म आणि प्रत्येकावर सहा-सहा नावं, हे वेगळं.

आणि माझं एक ठाम मत आहे, पटतंय का बघा. कुणाला पुढे घेताना आपण फक्त आपली जागा देत नाही, मागच्या सगळ्यांचीही देतो. मोठेपणा आपला आणि उशीर त्यांना. म्हणून एकतर मागे वळून विचारा, "यांची गाडी आहे, जाऊ देऊ का?" नाहीतर तुमची जागा त्यांना द्या आणि तुम्ही शेवटी जाऊन उभे राहा. यातला दुसरा पर्याय कुणी निवडत नाही, मला माहीत आहे.

आपल्याकडच्या काही गोष्टी मात्र घुसण्यात मोडत नाहीत. टँकरच्या रांगेत हंडे लावलेले असतात, बायका सावलीत बसलेल्या असतात, आणि कुठला हंडा कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथे हंडा म्हणजेच माणूस. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं? त्यावर महाराष्ट्राचं एकमत होईल असं मला वाटत नाही, मी त्यात पडत नाही.

देवस्थानांत पैसे भरून वेगळ्या दारानं आत जाणारे, हाही घुसण्याचा प्रकार नाही. ती सोय व्यवस्थापनानं केलेली आहे, त्यामुळे राग असेल तर तक्रार त्यांच्याकडे. पास घेतलेल्या आजोबांवर डोळे वटारून काही होत नाही.

कुठे बोलू नये? समोरचा प्यायलेला असेल, चार-पाच जणांचं टोळकं असेल, तर सोडून द्या. धक्का तर कुणालाच द्यायचा नाही, हात लागला की चूक आपली ठरते. रांगेत कुणी मुद्दाम अंगाला लागत असेल, तर तो वेगळा आणि गंभीर मामला आहे. तिथे "काका, रांग तिकडून" नाही, मोठ्याने ओरडायचं. रेल्वेच्या हद्दीत १३९ लावायचा.

आता शेवटची जागा, दवाखाना. इथे नंबर लागलेले असतात, तरी घोळ होतो. तुमचा नववा, आत सातवा गेलाय, आणि टाय लावलेला, काळी बॅग घेतलेला औषध कंपनीचा एमआर सरळ आत. पाठोपाठ दुसरा. त्यांच्यावर चिडू नका, ते नोकरी करतायत आणि कित्येकदा आपल्यापेक्षा जास्त वेळ ताटकळलेले असतात. कंपाउंडरकडे जा आणि साधा प्रश्न विचारा, "किती पेशंटमागे एक एमआर सोडता?" बऱ्याच ठिकाणी असा हिशोब ठरलेला असतो. नसला, तर चार लोकांसमोर विचारल्यावर तो ठरवावा लागतो. "दोन पेशंटमागे एक" असं त्याच्या तोंडून आलं, की पुढचा एमआर उठताना तो स्वतःच म्हणतो, "थांबा सर, आठ आणि नऊ जाऊ द्यात."