लिक्विड कूलर उतरवताना: गेमिंग पीसीच्या उष्णतेविषयी

मंडळी, गेमिंगसाठी पीसी असेंबल करणारी मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. प्रोसेसर थंड ठेवणारा, पाण्यावर चालणारा लिक्विड कूलर काढून त्या जागी एअर कूलर बसवला तर मशीन मागे पडेल का? माझं उत्तर आहे, नाही पडणार. आणि कूलरची चार-पाच वर्षं झाली असतील, तर हा बदल जरूर करा.

आधी उष्णतेचा प्रवास पाहू. लिक्विड कूलरमध्ये प्रोसेसरची उष्णता पाण्यात उतरते, पंप ते पाणी रेडिएटरपर्यंत नेतो आणि तिथले पंखे ती हवेत सोडतात. एअर कूलरमध्ये तांब्याचे हीट पाइप ती अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांपर्यंत नेतात आणि पंखे हवेत सोडतात. शेवटी दोघांनाही खोलीतल्या हवेच्याच दारात जायचं आहे. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, एसी नसलेली खोली अडतीस-चाळीसवर असते. त्या खोलीत रेडिएटरमधलं पाणीसुद्धा चाळिशीच्या वरच राहणार. पाणी म्हणजे थंडावा, हा हिशेब इथे लागू होत नाही.

पाण्याचा खरा गुण निराळा आहे. वजनाला वजन धरलं तर पाणी हवेच्या चौपट उष्णता सामावून घेतं, त्यामुळे तापायला वेळ घेतं. पाच मिनिटांची चाचणी लावली की लिक्विड कूलरचे आकडे देखणे दिसतात. पण गेम कोणी पाच मिनिटं खेळत नाही. अर्ध्या तासाने पाणी तापून स्थिरावतं आणि मग रेडिएटर आणि पंख्यांची कुवत तेवढी उरते.

आता हीट पाइप. त्याला लोक तांब्याची भरीव कांडी समजतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण इतकी सुंदर रचना पीसीमध्ये दुसरी नाही. तो आतून पोकळ असतो. हवा काढून घेतलेली, थोडंसं पाणी भरलेलं आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर. दाब अगदी कमी असल्यामुळे ते पाणी १०० अंशांची वाट पाहत नाही, प्रोसेसरच्या साध्या उबेनेही त्याची वाफ होते. वरणाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तसे थंड टोकाला थेंब धरतात, आणि तो सच्छिद्र थर त्यांना शोषून परत तळाशी आणतो. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी हे तंत्र प्रत्यक्षात उतरवलं. पुढे ते उपग्रहांमध्ये गेलं. त्यात पंप नाही, वीज लागत नाही, झिजणारा एकही भाग नाही.

माझ्या सांगण्याचा गाभा इथेच आहे. कूलर निवडताना तो कसा चालतो हे सगळेच पाहतात, तो कसा बंद पडतो हेही पाहायला हवं. एअर कूलरचा पंखा गेला तरी हीट पाइप उष्णता वर नेतच राहतात, दुसरा पंखा असेल तर काम बऱ्यापैकी निभावतं. गेलेला पंखा तारेच्या दोन क्लिपा सोडवून बदलता येतो. लिक्विड कूलरचा पंप थांबला तर पाणी जागच्या जागी उभं राहतं. प्रोसेसरचं तापमान झपाट्याने चढतं, तो वेग तोडून स्वतःला वाचवतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद. तयार कूलरमध्ये पंप बहुधा स्वतंत्रपणे बदलता येत नाही, अख्खा कूलरच जातो.

शिवाय पाणी कमी होतं. गळती नसतानाही रबरी नळ्यांच्या भिंतींमधून ते वर्षानुवर्षं हळूहळू उडत राहतं. बहुतेक तयार कूलरना पाणी भरायची सोय नसते. रिकाम्या जागेत हवा येते आणि ती सगळ्यात उंच जागी जमते. पंपच सगळ्यात उंचावर असेल तर ती पंपात अडकते आणि गुरगुर ऐकू येते. प्रोसेसरवर टेकणारी तळपट्टी तांब्याची आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणजे दोन धातू एकाच पाण्यात. गंज रोखणारी रसायनं थकली की गाळ तळपट्टीच्या केसाएवढ्या फटींमध्ये बसतो.

अ‍ॅपलने २००४ साली पॉवर मॅक जी५च्या सर्वांत वेगवान मॉडेलला लिक्विड कूलिंग दिलं होतं. त्यातल्या गळतीच्या तक्रारी पुढे प्रसिद्धच झाल्या. २००६ साली इंटेलचा प्रोसेसर घेऊन मॅक प्रो आला तो एअर कूलिंगवर. प्रोसेसर कमी तापणारा मिळाला आणि पाण्याची गरजच उरली नाही.

गेमिंगमध्ये आज नेमकं हेच झालं आहे. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसरचं टीडीपी (कूलरने वाहून न्यायची उष्णता) १२० वॅट लिहिलेलं असतं, पण गेममध्ये तो त्याहून बराच कमी खातो. त्याची जास्तीची कॅश, म्हणजे चिपमधली वेगवान मेमरी, प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोअरच्या डोक्यावर रचलेली आहे, म्हणजे उष्णतेची पहिली अडचण चिपच्या आतच आहे. वर कितीही महागडा कूलर बसवा, ती हटत नाही. २०२४च्या ९८००एक्स३डीमध्ये एएमडीने ती कॅश कोअरच्या खाली नेली, तेव्हा ती अडचण सुटली. याउलट इंटेलचा कोअर आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत जातो. त्यावर तासन् तास रेंडरिंग (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्रं तयार करणं) करणाऱ्यांनी ३६० मिलिमीटरचा रेडिएटर ठेवावा, मी त्यांना अडवणार नाही.

कूलर घेण्याआधी कॅबिनेट मोजा. नॉक्टुआ एनएच-डी१५ हा एअर कूलर १६५ मिलिमीटर उंच आहे आणि पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी ३२ मिलिमीटर जागा आहे. रॅम ४४ मिलिमीटरची असेल तर पंखा १२ मिलिमीटर वर सरकवावा लागतो, म्हणजे कॅबिनेटमध्ये १७७ हवेत. चमकत्या दिव्यांची उंच रॅम घेतलेल्यांनी हे गणित आधी करावं.

जुना कूलर काढताना घाई नको. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवरच्या रायझनच्या पिना प्रोसेसरच्याच अंगाला असतात, आणि प्रोसेसर व कूलरमधली वाळलेली पेस्ट इतकी चिकटते की ब्लॉक, म्हणजे कूलरचा प्रोसेसरवर बसणारा भाग, सरळ उचलला तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवा, पेस्ट मऊ होऊ द्या. मग मशीन बंद करून प्लग काढा, स्क्रू तिरप्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, ब्लॉक डावीकडे-उजवीकडे हलका फिरवा आणि सुटल्याची जाणीव हाताला झाली की उचला. एएम५ या नव्या सॉकेटवर मदरबोर्डमागची धातूची पट्टी सॉकेटचीच असते, ती काढू नका.

नव्या पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा. तिथे काही नसेल तर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, पंख्याची चूक दाखवून सुरुवातीलाच अडतो, आणि पंपाच्या पिनांवर पंखा बहुधा सतत पूर्ण वेगाने ओरडतो.

रेडिएटर निघाल्यावर त्याचे पंखेही जातात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ती जागा रिकामी ठेवू नका. आरटीएक्स ४०९० सारखं ग्राफिक्स कार्ड एकटं ४५० वॅटपर्यंत उष्णता कॅबिनेटमध्ये ओततं आणि तीच हवा आता तुमचा कूलर ओढणार आहे. पुढून हवा आत घेणारे दोन-तीन पंखे आणि मागून बाहेर फेकणारा एक, एवढं असलं तरच या अदलाबदलीचे खरे आकडे दिसतात.

आणि खोली बदलताना मशीन टेम्पोतून न्यायचं असेल, तर सव्वा किलोहून जड कूलर उभ्या मदरबोर्डवर हेलकावे खाऊ देऊ नका. कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली आणि कूलर वर येईल असं. कुरिअरने पाठवायचं असेल तर कूलर काढून वेगळ्या खोक्यात भरा.