शाळेत पुस्तकं किती असावीत?

(केंद्रस्तरीय, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

केंद्रप्रमुख साहेब, मुख्याध्यापक आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

मला दिलेला विषय मोठा आहे. मी त्यातला एकच प्रश्न घेतो, कारण चहाच्या वेळी तुम्ही तो हमखास विचारता : आमच्या शाळेत पुस्तकं किती हवीत? यू-डायसच्या, म्हणजे शाळेने सरकारला कळवायच्या माहितीत पुस्तकांची संख्या भरावी लागते, म्हणून आकडा हवा असतो. रकाना भरला की कपाटाला पुन्हा कुलूप.

शिक्षण हक्क कायद्यात हा आकडा सापडत नाही. 2009 च्या त्या कायद्याच्या परिशिष्टात एवढंच आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं असतील. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत मात्र आकडा आला : पाठ्यपुस्तकं सोडून विद्यार्थ्यामागे पाच पुस्तकं आणि सुरुवातीला किमान 1500. ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ इफ्ला आणि युनेस्को यांनी 2002 मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं आणखी पुढे गेली. विद्यार्थ्यामागे दहा, आणि शाळा कितीही लहान असली तरी 2500.

आपण 'विद्यार्थ्यामागे' एवढाच भाग उचलतो, कारण तो आपल्याला झेपतो. 'किमान' सोडून देतो. पण लहान शाळांच्या दृष्टीने खरी गोष्ट त्या 'किमान'मध्येच आहे.

पंचवीस पटाची द्विशिक्षकी शाळा घ्या. डोक्यामागे पाच म्हणजे सव्वाशे पुस्तकं. आता त्या शाळेतली एक मुलगी घ्या, पहिली ते पाचवी तिथंच शिकणारी. कायद्यानुसार वर्षाला कामाचे 200 दिवस, म्हणजे साधारण पस्तीस आठवडे. आठवड्याला एक पुस्तक नेलं, तर पाच वर्षांत पावणेदोनशे होतात. सव्वाशे पुस्तकं तिला चौथीतच संपली. आणि ही सगळी तिला आवडली, तिच्या वाचनपातळीची निघाली असं धरून! पाचशे पटाच्या शाळेतल्या मुलीलाही पावणेदोनशेच लागतात. पट वाढला म्हणून एका मुलीचं वाचन वाढत नाही, आणि पट घटला म्हणून ते कमी होत नाही. म्हणून वेगवेगळी पुस्तकं किती हवीत ते एका मुलावरून ठरवा, आणि प्रती किती हव्यात ते पटावरून.

माझा हिशेब असा. पावणेदोनशे वाचायची, तर निवडायला त्याच्या तिप्पट तरी समोर हवीत. मूल पुस्तक उचलतं, चार पानं बघतं, परत ठेवतं. ठेवू द्या. "घेतलंस ना, आता संपव" असं गुरुजी म्हणाले की पुढच्या शनिवारी ते मूल कपाटाजवळ फिरकत नाही. तेव्हा पाचवीपर्यंतच्या कोणत्याही शाळेत, पट दहा असो की दोनशे, साधारण पाचशे वेगवेगळी पुस्तकं. शासननिर्णयात हा आकडा शोधू नका, तो माझा आहे. मोठ्या शाळेत याच्यावर प्रती वाढवा : सगळ्यांनी एकेक पुस्तक घरी नेलं तरी फळीवर तेवढीच उरली पाहिजेत.

आता पैसा. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार ते वीस हजार मिळतात; पाच हजार प्राथमिकला. मुलांचं पुस्तक सरासरी सत्तर रुपयांना धरलं, तर सत्तर पुस्तकं येतात. पातळ पुठ्ठ्याचं चित्रपुस्तक पहिली-दुसरीच्या हातात चार-पाच वर्षं टिकतं. त्याहून जास्त टिकलं असेल, तर ते कुणी वाचलेलं नाही. वर्षाला सत्तर येणार आणि पाच वर्षांत झिजणार, म्हणजे या अनुदानावर जिवंत राहील असा संग्रह साडेतीनशेचा. पाचशेला दीडशे कमी पडतात. त्या दीडशेकडे शेवटी येतो.

इथं कुणीतरी म्हणणार, "सर, आमच्याकडे नऊशे आहेत." कपाट उघडा. जुनी पाठ्यपुस्तकं, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, अहवाल. महाराष्ट्राचे पस्तीस जिल्हे सांगणारा नकाशासंग्रह, म्हणजे 2014 मध्ये पालघर होण्याआधीचा. नऊ ग्रह असलेली सूर्यमाला. प्लूटोला 2006 मध्येच त्या यादीतून काढलं. यातलं एकही पुस्तक मी संख्येत धरणार नाही. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं पाचवं सूत्र आपण भिंतीवर रंगवतो. 1931 मध्ये ते मांडताना त्यांनी असंही म्हटलं होतं की वाढणारा सजीव नवं आत घेतो तसं जुनं टाकतोही. हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक. तरी पाच सूत्रांत त्यांनी एकही आकडा घातला नाही, याची मला फार गंमत वाटते.

निर्लेखन, म्हणजे निरुपयोगी पुस्तकं नोंदीतून कमी करणं, आपण का करत नाही, हे मला ठाऊक आहे. दाखल नोंदवहीत नोंद आहे, बदलीच्या वेळी पदभार द्यायचा आहे, आणि कमी भरलं तर वसुली. त्याच भीतीने चांगली पुस्तकंही कुलपात राहतात. यादी करा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, वरिष्ठांची मंजुरी घ्या. काम कंटाळवाणं आहे, पण होतं.

आता ते दीडशे. या केंद्रात दहा-बारा शाळा आहेत. प्रत्येकीने चाळीस चांगली पुस्तकं एका पेटीत भरावीत आणि दर दोन महिन्यांनी परिषदेला येताना पेटी पुढच्या शाळेला द्यावी. गाडीखर्च नाही, तुम्ही येताच. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, दाखल क्रमांक मूळ शाळेचाच ठेवा, घेणाऱ्याची सही घ्या. चार पेट्या फिरल्या की दीडशेची तूट भरली, आणि त्यानंतरही नवी पुस्तकं येतच राहतात.

एक गोष्ट फक्त केंद्रप्रमुख साहेबांच्या हातात आहे. पेटीतलं पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर कुणाकडूनही वसुली होणार नाही, हा मुद्दा त्यांनी आज वर मांडावा आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्यावं. तो मंजूर होऊन आला, तर पेट्या भरायला घ्या. नाही आला, तर त्या कुणीही आणणार नाही, आणि मी तुम्हाला आणा असं म्हणणारही नाही.