प्रत्येक लघवीची तक्रार उन्हाळी नसते

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की लघवीची कोणतीही तक्रार आपण उन्हाळीच्या खात्यात टाकतो, आणि घरात सब्जा, धन्याचे पाणी, वाळ्याचे सरबत सुरू होते. उन्हाळीत लघवी थोडी होते आणि जळजळते, तेव्हा पाणी पिणे योग्यच आहे. परंतु ओटीपोट फुगून टणक झाले आहे, तासन् तास लघवी उतरत नाही, आणि तरीही तांब्यामागून तांब्या पाणी पोटात जात आहे, असे असेल तर आपण तुडुंब भरलेल्या मूत्राशयात आणखी भर घालत असतो. अशा अडण्याचे एक विरळ, पण नजरेतून सहज निसटणारे कारण म्हणजे पाठीच्या कण्यातील खालच्या मज्जातंतुमुळांना होणारा विषाणुसंसर्ग.

आपला मज्जारज्जू माकडहाडापर्यंत जात नाही. प्रौढांत तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली उरतो तो मज्जातंतूंच्या मुळांचा झुपका, ज्याला वैद्यकाने अश्वपुच्छ असे चपखल नाव दिले आहे. त्यातील त्रिकास्थीची, म्हणजे कमरेखालच्या त्रिकोणी हाडातून निघणारी, दुसरी, तिसरी व चौथी मुळे मूत्राशय आणि गुदद्वार यांचा कारभार पाहतात. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९१३ मध्ये या मुळांच्या दाहाचे वर्णन केले, म्हणून या विकाराला त्यांचे नाव मिळाले, एल्सबर्ग सिंड्रोम. विषाणूंशी असलेले त्याचे नाते मात्र नंतर उलगडत गेले.

बहुतेक वेळा दोषी असतो जननेंद्रियांवर फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्सचा दुसरा प्रकार. कधी कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून मज्जातंतूंच्या गाठींत दबून राहतो आणि उतारवयात कुल्ल्यावर नागीण होऊन उठतो. नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस जातो, या समजुतीने घरचे फोडांचा वेढा मोजत बसतात, आणि लघवी अडल्याचे कोणी विचारत नाही. वृद्धाची लघवी अडली की प्रोस्टेटवर बोट ठेवून मोकळे होण्याची घाई डॉक्टरांकडूनही होते.

सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधिर होणे, कुल्ल्यांत व मांड्यांत झिणझिण्या येणे, शौचाला न होणे, पाय लुळावणे, यांपैकी काहीही लघवी अडण्यासोबत दिसले तर नागपुरातील मेडिकल, मेयो या शासकीय रुग्णालयांत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी जावे. तेथे प्रथम नळी घालून मूत्राशय रिकामे करतात आणि तातडीने एमआरआय काढतात, कारण दोन मणक्यांमधील सरकलेल्या चकतीने हीच मुळे दाबली गेली तर लक्षणे अशीच दिसतात आणि त्यावर शस्त्रक्रिया लांबवता येत नाही. चकती निर्दोष ठरली की पाठीतून पाणी काढून त्यात विषाणू शोधतात. या तपासणीने कंबर कायमची जाते, अशी भीती आपल्याकडे खोल रुजली आहे. प्रत्यक्षात सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचली जाते.

हर्पीस किंवा नागिणीचा संशय बळकट असेल तर शिरेतून ॲसायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध देतात. बहुतेकांची लघवी काही आठवड्यांत पूर्ववत होते. क्वचित दाह वर मज्जारज्जूपर्यंत चढतो, तेव्हा बरे होणे लांबते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांत सायटोमेगॅलो विषाणू हाच प्रकार अधिक उग्र रूपात घडवतो आणि त्यावर गॅन्सिक्लोव्हिर लागते.

फोड गुप्त जागी असल्यामुळे रुग्ण ते सांगत नाहीत आणि निदान तिथेच अडते. हर्पीसचे नाव ऐकताच पतिपत्नींनी परस्परांवर संशय घेण्याचेही कारण नाही, कारण हा विषाणू अनेक वर्षे काहीही न दाखवता शरीरात राहू शकतो, आणि आज उठलेला फोड कालच्या वर्तनाचा पुरावा ठरत नाही.