सायकलवरचा पोऱ्या आणि दोन महासत्ता

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आणि जगाच्या सुरक्षिततेतली तिची भूमिका. थांबा, लगेच स्टेशन बदलू नका. करारांची कलमं मी वाचून दाखवणार नाही. एका सायकलीची गोष्ट सांगणार आहे.

साल १९६२, महिना ऑक्टोबर. क्यूबा हे बेट अमेरिकेच्या फ्लोरिडापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर. मुंबईहून पुण्याला जावं, तेवढंच. सोव्हिएत संघाने तिथे गुपचूप अण्वस्त्रं डागणारी क्षेपणास्त्रं नेऊन ठेवली. अमेरिकेच्या यू-टू या टेहळणी विमानाने वरून फोटो काढले आणि बिंग फुटलं. २२ ऑक्टोबरला अध्यक्ष केनेडी टीव्हीवर आणि रेडिओवर बोलले. क्यूबाकडे शस्त्रं घेऊन येणारी जहाजं आम्ही अडवणार, म्हणाले. आता, नाकेबंदी म्हटलं की ते युद्धच ठरतं. म्हणून त्यांनी शब्द घेतला क्वारंटाइन. होय, तोच. २०२० साली आपल्या हातावर ज्याचा शिक्का मारत होते तो. मोठ्या देशांचं हे असंच असतं बघा. काय करायचं हे लवकर ठरतं, त्याला म्हणायचं काय यावर रात्री जागवल्या जातात.

तर सायकल. वॉशिंग्टनमध्ये सोळाव्या रस्त्यावर सोव्हिएत वकिलात होती. व्हाइट हाउसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे अनातोली दोब्रिनिन हे राजदूत मार्च महिन्यातच रुजू झालेले. वय बेचाळीस. गंमत म्हणजे क्यूबात क्षेपणास्त्रं पोचलीयत, हे त्यांच्याच सरकारने त्यांना कळवलेलं नव्हतं. घरात काय शिजतंय ते शेजाऱ्याकडून कळावं, तशी गत. आणि या माणसाने आता मॉस्कोला कळवायचं, की अमेरिकेच्या मनात काय आहे.

कळवायचं कसं? फोन? छे. सरळ मॉस्कोला जोडलेला फोन नव्हताच. मग ते लोक मजकूर लिहायचे. तो हाताने सांकेतिक भाषेत उतरवायचे. अक्षरांच्या उभ्या रांगाच्या रांगा. एकही अक्षर चुकलं तर पुढचा सगळा घोटाळा. मग तारघराला फोन करायचा, आमची तार आहे, माणूस पाठवा.

आणि माणूस यायचा. एक तरुण कृष्णवर्णीय पोऱ्या. सायकलवरून.

पुन्हा सांगतो. सायकलवरून. आकाशात अणुबॉम्ब घेतलेली विमानं घिरट्या घालतायत, समुद्रात दोन्ही आरमारं समोरासमोर, आणि दोन महासत्तांमधला तातडीचा निरोप निघालाय सायकलवरून!

दोब्रिनिन यांनी पुढे ही आठवण स्वतः सांगितलीय. ते म्हणतात, पोरगा पायडल मारत निघून गेला, की आम्ही मागे नुसती प्रार्थना करायचो. देवा, हा सरळ तारघरात जाऊ दे. वाटेत एखादी मुलगी भेटली म्हणून गप्पा मारत उभा राहू नये, म्हणजे झालं.

मला हा प्रसंग फार आवडतो. खरं सांगायचं तर या भाषणाला मी हो म्हटलं ते याच्यासाठी. माझे काका तारमास्तर होते. सगळा दिवस त्यांचा कट्ट-कडकट्टमध्ये जायचा. तार पोचवणाऱ्या शिपायाची सायकल आळीत शिरली की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या, पदर तोंडाशी धरून. कोणाकडे थांबतोय? आपल्याकडे नाही ना? तार म्हणजे गेल्याचीच, हे ठरलेलं. पास झाल्याची तार आली तरी आधी रडून घ्यायचे आणि मग फोडायचे. आपल्याकडची तार २०१३च्या जुलैमध्ये बंद झाली. आता फोनवर निळी खूण दिसते, समोरच्याने वाचलंय हे कळतं, आणि तरी उत्तर येत नाही. यापेक्षा तो शिपाई बरा होता असं माझं मत आहे. असो.

तिकडे मॉस्कोतून येणाऱ्या निरोपांची तऱ्हाही निराळी नव्हती. शुक्रवारी, २६ ऑक्टोबरला, सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव यांनी केनेडींना लांबलचक पत्र पाठवलं. ते मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत पोचलं. तिथून भाषांतर होऊन, सांकेतिक भाषेत जाऊन, वॉशिंग्टनला पुरं हातात पडायला जवळजवळ बारा तास गेले. बारा तास! दुसऱ्या दिवशी त्यांचंच दुसरं पत्र, जास्त कडक, सरळ मॉस्को रेडिओवरून जाहीर झालं. त्याच शनिवारी क्यूबावर अमेरिकेचं यू-टू विमान पाडलं गेलं, वैमानिक मेजर अँडरसन ठार झाले. त्या रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी दोब्रिनिनना गुपचूप भेटले. तुम्ही क्षेपणास्त्रं काढा, आम्ही क्यूबावर चाल करणार नाही. आणि तुर्कस्तानातली आमची क्षेपणास्त्रंही काही महिन्यांत काढू, पण याची वाच्यता नको.

मग ख्रुश्चेव यांनी काय केलं ठाऊक आहे? मान्य असल्याचं उत्तर त्यांनी रेडिओवर वाचायला दिलं. वकिलात नको, तार नको, सायकल तर नकोच. रविवार, २८ ऑक्टोबर, वॉशिंग्टनमध्ये सकाळचे नऊ. मॉस्को रेडिओच्या निवेदकाने पत्र वाचलं आणि जगाने श्वास सोडला. रेडिओ आता कोण ऐकतं, असं मला विचारतात त्यांना मी एवढंच सांगतो.

त्यानंतर दोघांनाही शहाणपण सुचलं. २० जून १९६३ रोजी जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्टला वॉशिंग्टन आणि मॉस्को यांना थेट जोडणारी हॉटलाइन सुरू झाली. सिनेमात तुम्ही टेबलावरचा लाल फोन पाहिला असेल. तो विसरा. फोन नव्हताच. टेलिप्रिंटर होता, टाइप होऊन कागदावर उमटणारा. मुद्दामच. बोलण्यात आवाज चढतो, शब्द निसटतो. लिहिताना माणूस जरा दम खातो. अमेरिकेने इंग्रजीत लिहायचं, रशियाने रशियनमध्ये. आणि ही यंत्रं व्हाइट हाउसमध्ये नव्हती, पेंटॅगॉनमध्ये, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयात होती. १९६७ साली ५ जूनला अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांचा निरोप आला, तेव्हा संरक्षणमंत्री मॅक्नमारांनीच विचारलं, अहो, मला का सांगताय? तर उत्तर आलं, साहेब, हॉटलाइनची तार इथेच संपते. संरक्षणावर अब्जावधी डॉलर उधळणाऱ्या सरकारला नदीपलीकडच्या व्हाइट हाउसपर्यंत ती ओढून घ्यायचं सुचलं नव्हतं!

आपलाही संबंध आलाय बरं का या यंत्राशी. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध. मुंबईत काळोख केलेला, आमच्या खिडक्यांच्या काचांना खाकी कागद खळीने चिकटवलेला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी एंटरप्राइज ही विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. ती सगळ्यांना आठवते. पण १२ डिसेंबरला त्यांनी याच हॉटलाइनवरून सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना निरोपही पाठवला, भारताला आवरा म्हणून. एका हाताने जहाज, दुसऱ्या हाताने टेलिप्रिंटर. अमेरिकेचं धोरण बघायचं तर हे दोन्ही हात बघावे लागतात. १९४९ची नाटो ही लष्करी आघाडी, जगभर पसरलेले लष्करी तळ, हा झाला जहाजाचा हात. त्यावर पुस्तकांची कपाटं भरलीत, मी त्यात भर घालत नाही. मला विचाराल तर दुसऱ्या हातानेच जग जास्त वेळा वाचलंय.

आणि तो हात दोन्हीकडून लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने आपल्या आकाशात आलेला चीनचा तो मोठा फुगा पाडला, आणि अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी लगेच बीजिंगशी बोलायचं म्हटलं. चीनने नकार दिला. लाइन होती, उचलणारा नव्हता. उलट १० मे २०२५ला, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी अधिकाऱ्याचा आपल्या अधिकाऱ्याला फोन आला आणि पाचपासून गोळीबार थांबवायचं ठरलं. त्याची बातमी आधी वॉशिंग्टनहून कळली, आणि त्यावरून वाद झाले, ते तुम्ही माझ्याइतकेच ऐकलेत.

हॉटलाइनचं एक सांगायचं राहिलं. पहिल्याच दिवशी अमेरिकेने चाचणी म्हणून वाक्य पाठवलं: चपळ तपकिरी कोल्ह्याने आळशी कुत्र्याच्या पाठीवरून उडी मारली. इंग्रजीतली सगळी अक्षरं त्यात येतात म्हणून. मॉस्कोतले दुभाषे चक्रावले म्हणतात. हा कोल्हा कोण आणि कुत्रा कोण? आपल्याला तर म्हणत नाहीत? त्यांच्याकडून उत्तरात आलं मॉस्कोतल्या सूर्यास्ताचं वर्णन. पुढे दर तासाला चाचणी व्हायची, सम तासाला वॉशिंग्टन, विषम तासाला मॉस्को. हे शेक्सपिअर पाठवायचे, ते चेकॉव्ह. प्रथमोपचाराची माहितीसुद्धा जायची. राजकारण सोडून काहीही. आणि वर्षअखेरीला, ३१ डिसेंबरला, दोन्हीकडचे यंत्रावर बसलेले लोक एकमेकांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा टाइप करायचे.

काचेपलीकडून मला हात दाखवतायत. वेळ झाली. नमस्कार.